चाळीस दिवसांचा दुखवटा

१ डिसेंबर, सोमवार

ग्रामपंचायतीचं कुलूप काढून कॉम्प्युटर चालू केला, तेवढ्यात योसेफ भाऊंचा फोन आला. ते श्रीरामपूरचे. तिकडे परदेशात माझ्या निकिताच्या पप्पांबरोबर एकाच कंपनीत क्रेन चालवतात, एकाच खोलीत राहतात. "ताई, जवळ कुणी आहे का?" म्हणाले. शिपाई आदिनाथ झाडत होता. "त्याला जवळ बसवा," म्हणाले. मी आदिनाथला बस म्हटलं. तो केरसुणी हातात घेऊनच खुर्चीवर बसला आणि विचारायला लागला की मॅडम, कशाला बसायचं.

कल्याण रात्री जेवून झोपला, तो सकाळी उठलाच नाही. हार्ट अटॅक, असं तिथल्या डॉक्टरने लिहिलं. वहीत मी त्याला कल्याणच लिहिते. तोंडाने नाव कधी घेतलं नाही, उखाण्यात घेतलं तेवढंच.

फोन ठेवला तेव्हा समोर एक माणूस रहिवासी दाखल्यासाठी उभा होता. त्याला दाखला काढून दिला, शिक्का मारला आणि मग घरी गेले.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यावर लग्नाचे गहू निवडत होत्या. दिशाचं लग्न चौदा तारखेला आहे. दिशा म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची मुलगी. तिचे आईबाप देवळाली प्रवराकडे ऊसतोडीला गेलेत, म्हणून लग्नाची तयारी इकडे आम्ही दोघी करतोय. मी त्यांना सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं, मांडीवरचे गहू झटकले आणि विचारलं, "त्याच्या तोंडात पानी कुनी घातलं?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"मंग मी घालीन. तवर त्याला काडी लावायची न्हाई."

एवढंच बोलल्या. रडल्या नाहीत. मीही नाही. गल्लीतल्या बायका आल्या, त्या रडल्या. शेजारून चहा आला, तो मी प्यायले. निकिता म्हणाली, "मम्मी, त्यात साखरच नाहीये." तेरा वर्षांची आहे, सगळीकडे लक्ष असतं तिचं. मला चव कळली नव्हती.

३ डिसेंबर, बुधवार

मोठे भाऊजी आणि जाऊबाई ऊसतोडीच्या फडावरून आले. भाऊजींचं नाव कानिफनाथ, पण गावात सगळे नाथा म्हणतात. आल्या आल्या ओट्यावर बसले आणि कोयता भिंतीला टेकवून ठेवला. भावाच्या दुःखाला येताना कोयता कशाला आणला, कळलं नाही. विसरून आणला असेल.

योसेफ भाऊंचं म्हणणं असं: तिकडे पोलिसांचा कागद, दवाखान्याचा कागद, कंपनीचा कागद, मग आपल्या वकिलातीचा कागद. चारही झाले की पेटी विमानात. चार-पाच दिवस लागतील. भावकीने हिशेब केला. सहा तारखेपर्यंत आला तर गेल्या दिवसापासून मोजून दहा तारखेला दहाव्याचं उरकेल, लग्न साधेपणाने होईल, वाजंत्री नाही, मानपान नाही. लग्न पुढे ढकलायचं म्हटलं तर एकदा आधीच ढकललंय, पाहुणे दुसऱ्यांदा ऐकणार नाहीत. पुढे धुंधुरमास लागतो, त्यात लग्नं होत नाहीत, आणि दोन्हीकडची माणसं उन्हाळ्यापर्यंत ऊसतोडीत असतात. दिशा स्वयंपाकघरात बसून होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, कारण बघितलं असतं तर तिला काहीतरी विचारावं लागलं असतं.

संध्याकाळी मोबाईलवर बातमी आली. तिकडचा राजा गेला. म्हातारा होता, बरेच दिवस आजारी होता. फोटोत चांगला दिसतो. मी बातमी कल्याणला फॉरवर्ड केली. त्याला तिकडच्या बातम्या मीच पाठवते, त्याला कामात वेळ नसतो.

एकच टिक आली.

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी भाऊसाहेबांचा फोन. भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक, तीन गावं त्यांच्याकडे आहेत, त्यामुळे आमच्या गावात ते फोनवरच असतात. "मॅडम, ग्रुपवर पत्र टाकलंय, बघा. तुमच्या घरी असं झालंय, मला कळतंय, पण आदिनाथला काही जमणार नाही. ध्वजाचं काम आहे, चुकलं तर माझ्यावर येईल."

पत्र बघितलं. त्या देशाच्या राजांच्या निधनाबद्दल भारत सरकारने शोक व्यक्त केला आहे. तिथल्या जनतेच्या दुःखात आपला देश सहभागी आहे. आज देशभर एक दिवसाचा दुखवटा, ध्वज अर्ध्यावर, करमणुकीचे सरकारी कार्यक्रम बंद. ध्वज अर्ध्यावर असल्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकावा.

वाक्यं चांगली लिहिली होती. दुःखात सहभागी आहे, हे मी दोनदा वाचलं. आमच्याकडे तालुक्यावरून अजून कुणी आलेलं नाही. पण सांत्वनाला पुढारी रविवारीच निघतात, एका फेरीत चार घरं होतात.

ध्वज अर्ध्यावर आणायचा म्हणजे आधी थेट वर न्यायचा, क्षणभर थांबवायचा आणि मग अर्ध्यापर्यंत खाली घ्यायचा. संध्याकाळी उतरवतानाही तसंच, आधी वर, मग खाली. मी आदिनाथला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "खालीच आनायचाय तर वर कशाला न्यायचा?" मी म्हटलं, मान असतो तो. त्याने दोरी ओढली, मी वर बघत राहिले.

फोटो काढायला गेले तर खांबाच्या चौथऱ्यावर आत्याबाई. मंगळवारपासून त्या रोज सकाळी येऊन तिथंच बसतात, फोन आला का म्हणून.

"आत्याबाई, जरा बाजूला बसता का? झेंड्याचा फोटो काढायचाय."

"आज अर्ध्यात कामून हाय त्यो?"

"तिकडचा राजा गेला. सरकारने दुखवटा पाळायला सांगितलाय."

त्यांनी वर बघितलं. "कुठं गेला राजा?"

"त्याच्या राजवाड्यात."

"घरी मेला म्हन की," म्हणाल्या, आणि तिथून उठल्या नाहीत.

मी तसाच फोटो टाकला. भाऊसाहेबांचा लगेच मेसेज, "मॅडम म्हातारी येतेय फोटोत. परत काढा." दुसऱ्या बाजूने काढला. त्यात शाळेच्या संडासाची भिंत आली, पण तो चालला. अंगठा आला.

मग दिवसभर ऑफिस चालू होतं. रहिवासी दाखले, दारिद्र्यरेषेचा एक दाखला, एका सूनबाईचं नाव रेशन कार्डात चढवायचं होतं त्याचा अर्ज. दुखवटा म्हणून काम काही थांबलं नाही. उलट गुरुवारी गर्दीच असते. घरी बसण्यापेक्षा बरं. घरी बायका माझ्याकडे बघत बसतात आणि मी काही करत नाही म्हटल्यावर त्यांची पंचाईत होते.

मोबाईलवर योसेफ भाऊंचा व्हॉइस मेसेज आला. "ताई, राजाचं झाल्यामुळं इकडं सगळं बंद आहे. पोलिसांचं ऑफिस बंद, वकिलातीत पण कुणी उचलत नाही. कधी उघडतंय, आता काही सांगता येत नाही." मी ठीक आहे म्हणून पाठवलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

भावकी जमली. कल्याणचे चुलते, त्यांची मुलं, मोठे भाऊजी. बाकीचं गाव तर ऊसतोडीलाच आहे, घराघरांत म्हातारी माणसं आणि पोरं. मला बाहेर बोलावलं. चुलत सासरे म्हणाले, "तू शिकल्याली, कॉम्पुटरवर बसतीस. बघ जरा मोबाईलात, तिकडं किती दिस बंद हाय ते."

मी बघितलं. वरच मोठ्या अक्षरात होतं. चाळीस दिवसांचा राजकीय दुखवटा जाहीर.

मी वाचून दाखवलं, चाळीस दिवस.

भाऊजी म्हणाले, "आपला धा दिसांचा, त्यांचा चाळीस दिसांचा. राजा हाय म्हनल्यावर आसंल."

"सुतकात कोन कागदाला हात लावतंय?" चुलत सासरे म्हणाले. "ती बी मानसंच हायेत."

मला ते पटलं. म्हणजे पटलं की नाही, याचा मी विचार केला नाही. मोबाईल बंद करून पदराखाली धरला.

चाळीस दिवस म्हणजे संक्रांतीच्या दिवसांत. तोवर अग्नी नाही, दहावं नाही, सुतक फिटत नाही, लग्न लागत नाही. भाऊजींनी कपाळ चोळलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सविता, तू सांग. तू म्हनशील तसं." पण काय सांगायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

पाथर्डीहून गुरुजी आले. ते म्हणाले, देह मिळत नसेल तर शास्त्रात सोय आहे. दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, त्यानंतर तीन दिवसांत भावकी मोकळी. मागे एक माणूस धरणात वाहून गेला होता, सापडला नाही, त्याचंही असंच केलं.

मी म्हटलं, पण हा सापडलाय. कुठे आहे ते माहीत आहे.

गुरुजी म्हणाले, "हो, पण येत नाहीये ना, बाई." बोलायला मऊ आहेत.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दिशा दाराआड होती, तिच्या पायांची बोटं दिसत होती. मी बरं म्हटलं. माझा आवाज मला नेहमीसारखाच ऐकू आला, ऑफिसात म्हणते तसा. बरं, उद्या या.

दुपारी पुढारी येऊन गेले. त्यांच्या माणसाने फोटो काढला. या फोटोत आत्याबाई आल्या तरी कुणाची हरकत नव्हती.

८ डिसेंबर, सोमवार

झालं.

गुरुजींनी दारातच केलं सगळं. दर्भाचं अंग बांधलं, वरून कणीक लिंपली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. मग म्हणाले, अंगावरचं एखादं कापड द्या. कपाटात कल्याणचे दोन शर्ट आहेत. एक निळा, कॉलर विरलेली. दुसरा कोरा, दिवाळीत घेतलेला, दिशाच्या लग्नात घालायला. टाचण्यासुद्धा काढलेल्या नाहीत. मी जुना दिला. नवा त्याला आल्यावर लागेल.

पाणी पाजायला आत्याबाईंना हाक मारली. त्या तांब्या घेऊन आल्या, पुतळ्याकडे वाकून बघितलं आणि उभ्याच राहिल्या.

"आई, घाल पानी," भाऊजी म्हणाले.

"ह्याला?" आत्याबाई म्हणाल्या. "नारळात आपलंच पानी असतंय. माझ्या लेकराच्या तोंडाला कोरड हाय." आणि तांब्या घेऊन आत गेल्या.

भाऊजींनी मग स्वतःच पाणी शिंपडलं आणि पुतळा स्मशानात नेऊन अग्नीही त्यांनीच दिला. बायका मागे राहिल्या. कुणीतरी माझ्या कपाळाकडे हात आणला. दोन वर्षांपूर्वी आमच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केलाय, मीच टाइप केला होता, तीन प्रती काढल्या होत्या. आत्ता मात्र मी कपाळ पुढे केलं. आत्याबाई आतून ओरडल्या, "मी त्याचं तोंड बघत न्हाई तवर तिच्या कपाळाला हात लावायचा न्हाई!" हात मागे गेला. माझी टिकली राहिली.

संध्याकाळी कडू घास म्हणून घराघरांतून पिठलं-भाकरी आली. निकिता म्हणाली, छान झालंय. मला काही लागलं नाही.

१० डिसेंबर, बुधवार

योसेफ भाऊंचा फोन आला. आनंदात होते, म्हणजे आनंदात म्हणता येणार नाही, पण काम झाल्यावर माणूस बोलतो तसं बोलत होते. "ताई, सगळे कागद झाले. शनिवारी विमानात चढवतील, रविवारी पहाटे मुंबई. अॅम्ब्युलन्स कंपनीनं ठरवलीय."

मी म्हटलं, "दुखवटा संपला का?"

"नाही हो, दुखवटा चालूच आहे. झेंडे अजून खालीच आहेत, चाळीस दिवस तसेच राहतील. पण ऑफिसं तीनच दिवस बंद होती, मधे सुट्टी आली, त्यानंतर उघडली सगळी. मी रविवारपासून रांगेतच होतो. म्हटलं पक्कं झाल्यावरच ताईला सांगावं."

फोन ठेवून मी खिडकीतून खांबाकडे बघत बसले. आमचा झेंडा अर्ध्यावर होता त्या दिवशी मी दाखले देत होते. रेशन कार्डाचा अर्ज भरत होते. तिकडची माणसंही तसंच करत असतील, हे मला सुचायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही तरी मला. बातमीसुद्धा मी उघडून खालपर्यंत वाचली नव्हती.

भाऊजींना ऑफिसात बोलावून सांगितलं. ते आदिनाथच्या स्टुलावर बसले. म्हणाले, "रविवारी लग्न हाय."

"हो."

"साडेबाराचा मुहूर्त हाय."

"हो."

"सविता, मांडवात मढं आनलं तर पाहुने उठून जात्याल. पोरीला कुनी पदरात घेनार न्हाई, म्हनत्याल पायगुन वाईट. त्याचं तर झालंय सगळं आपल्याकडून." "टाकीपाशी थांबवू गाडी. लगीन लागंस्तोवर. मंग मी येतो, गपचूप नेऊ. आईला सांगू नको."

मी बरं म्हटलं. हल्ली मी बरं पटकन म्हणते.

११ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार. गल्लीत घरोघर लक्ष्मीचे घट मांडलेत. बायकांना हळदी-कुंकवाला बोलवायचं असतं. दोन घरच्या मुली आमच्या दारापर्यंत येऊन परत गेल्या, मला बोलवायचं की नाही ते त्यांना घरून सांगितलेलं नव्हतं. मलाही माहीत नाही. जाळलाय, पण यायचाय.

नवा शर्ट काढून त्याच्या टाचण्या काढल्या. इस्त्री केली.

१५ डिसेंबर, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते.

सकाळी आदिनाथच्या मोटरसायकलवर बसून टाकीपाशी गेले. पाण्याची टाकी गावाबाहेर आहे, तिथून मांडव दिसत नाही पण ऐकू येतो. वाजंत्री लावणार नाही म्हणाले होते, पण लाऊडस्पीकर होता. गाडी दहाच्या सुमाराला आली. ड्रायव्हर दमलेला होता, त्याला थर्मासमधला चहा दिला. मागचं दार उघडून त्याने मला पेटी दाखवली. लाकडी, चांगल्या सुतारकामाची, वर चिकटवलेला कागद. मी दार लोटून घेतलं आणि दगडावर बसले. शर्टाची पिशवी मांडीवर होती. अमुक पाहुण्यांचं स्वागत, तमुक पाहुण्यांचं स्वागत असं स्पीकरवर चाललं होतं. मी ते सगळं ऐकलं. मला वाईट वाटत नव्हतं. एसटीची वाट बघत बसावं तसं वाटत होतं.

मग रस्त्यावरून आत्याबाई येताना दिसल्या. एका हातात तांब्या, दुसरा हात निकिताच्या खांद्यावर.

मी निकिताकडे बघितलं. ती म्हणाली, "सकाळी तुला ड्रायव्हरशी फोनवर बोलताना ऐकलं. मी सांगितलं आज्जीला. तू कुणालाच काही सांगत नाहीस."

आत्याबाई थेट गाडीपाशी गेल्या. "उघड रं बाबा."

ड्रायव्हर म्हणाला, "आजी, दार उघडतो, पण पेटी उघडता येत नाही. कागदावर लिहिलंय, सीलबंद ठेवायची."

"कागद कुनाचा?"

"तिकडच्या सरकारचा."

"त्यांचा राजा साऱ्या दुनियेनं टीव्हीवर बघितला. गावागावात झेंडं खाली घेतलं, माझ्या सुनंनं फोटू काढला त्याच्यासाठी," आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आता त्यांनी माझं लेकरू मला बघू द्यावं. म्या काय जास्ती मागती का?"

ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. आठवडाभर सगळे माझ्याकडेच बघत होते आणि मी बरं म्हणत होते. मी म्हटलं, "उघडा."

त्याने पाना काढला. आदिनाथने आणि त्याने मिळून पेटी गाडीच्या तोंडाशी ओढली. वरची फळी निघायला वेळ लागला. आत प्लास्टिक, त्याच्या आत पांढरं कापड. औषधाचा वास आला. आत्याबाईंनी स्वतःच्या हाताने कापड बाजूला केलं. तिकडे मंगलाष्टकं सुरू झाली होती.

कल्याणचे केस पांढरे झाले होते. सगळे. कानशिलावरचे नाही, सगळे.

चार वर्षांपूर्वी गेला तेव्हा काळे कुळकुळीत होते. व्हिडिओ कॉलवर नेहमी डोक्यावर कंपनीचं हेल्मेट नाहीतर टोपी. मी म्हणायचे, काढा ना ती टोपी. तो म्हणायचा, इथं ऊन लई हाय. रात्रीच्या कॉललासुद्धा म्हणायचा, आणि मी ऐकून घ्यायचे. माझा नवरा तिकडे एकटा म्हातारा झाला आणि मला ते कळू दिलं नाही त्याने.

"कल्याण," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. निकिता दचकली, तिने माझ्या तोंडून ते नाव कधी ऐकलं नव्हतं. मी परत म्हटलं. मग मला रडू फुटलं, आणि फुटलं ते थांबेना. ड्रायव्हर लांब जाऊन उभा राहिला. मी पेटीची कड धरून रडले, इतकी की पोटात दुखायला लागलं. त्याचा राग आला, राजाचा आला, माझा स्वतःचा तर फार आला.

आत्याबाई तांब्यात बोट बुडवून त्याच्या ओठांना लावत होत्या. ओठ मिटलेले होते. पाणी दाढीतून खाली ओघळलं, ते त्यांनी पदराने टिपलं. परत लावलं. "पिला," म्हणाल्या. "पिला माझा बाबा." आणि मग त्या खाली मातीत बसल्या आणि पहिल्या दिवसापासून जे रडायचं राहिलं होतं ते रडल्या.

मी नवा शर्ट त्याच्या अंगावर पसरला. खांद्यांत मोठा झाला. तो रोडावलाही होता.

भाऊजी धावतच आले. डोक्याला लग्नाचा फेटा, कपाळाला गंध, शर्टावर हळदीचे डाग. "लागलं लगीन," म्हणाले, आणि पेटी उघडी बघून थबकले. जवळ येऊन भावाच्या डोक्यावरून हात फिरवला. "आरं, तू तर माझ्यापरीस म्हातारा झालास की रं," म्हणाले. त्यांचे स्वतःचे केस अजून निम्मे काळे आहेत. फेटा काढून त्यांनी हातात धरला.

"आई, म्या एकदा अग्नी दिलाय त्याला. आता दुसऱ्यांदा कसा देऊ?"

"तवा तू नारळ जाळलास," आत्याबाई म्हणाल्या. "ह्यो कल्याण हाय."

घरी नेता येत नव्हता. टाकीपासून स्मशानभूमी जवळच आहे. भाऊजींनी आणि आदिनाथने लाकडं रचायला घेतली. गावात कसं कळलं माहीत नाही, पण पंगतीतून माणसं उठून यायला लागली. चुलत सासरे आले. नवरदेवाकडचे दोघे-तिघे आले, त्यांना मी ओळखतही नव्हते, ते लाकडं वाहू लागले. कुणाच्या केसांत अक्षता तशाच होत्या. उठून कुणी गेलं नाही. उठून आले. आणि आम्ही त्यांच्या भीतीने गाडी गावाबाहेर उभी केली होती.

बायका स्मशानात जात नाहीत. मी गेले, आत्याबाई गेल्या. कुणी अडवलं नाही. भाऊजींनी निकिताला पुढे घेतलं, तिच्या हाताला स्वतःचा हात लावून दोघांनी मिळून अग्नी दिला.

दुपार कलल्यावर दिशाची गाडी टाकीवरून सासरी गेली. काच खाली होती. ती धुराकडे बघत होती. मी हात वर केला. तिनेही केला.

घरी आलो तेव्हा कुणाच्याच घरी पिठलं नव्हतं. गावभर लग्नाचं जेवण, बुंदी आणि पुऱ्या. कडू घास म्हणून बुंदी कशी आणायची, म्हणून शेजारणी दारात नुसत्याच येऊन बसल्या. तेव्हा जाऊबाईंनी पाठवणीच्या साडीचा पदर खोचला आणि चुलीपुढे बसल्या. आत्ताच मुलीला वाटेला लावून आलेल्या, हातावर मेंदी होती. रडत रडत पीठ कालवलं, भाकरी थापली आणि ताट माझ्यासमोर ठेवलं.

मी घास घेतला.

"खारट झालंय," मी म्हटलं.

जाऊबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी बोटाने चाखून बघितलं. "व्हय गं," म्हणाल्या, "दोनदा टाकलं वाटतं मीठ." आणि पाणी आणायला उठल्या. मी ताट सरकवलं नाही. त्या पाणी घेऊन येईपर्यंत माझी एक भाकरी संपली होती आणि मी दुसरी मागितली.